काठीची पाळी

त्या वस्तीत एक काठी होती. मूठ नाही, नक्षी नाही, वाटेत पडलेली दिसली तरी कुणी वाकून उचलणार नाही अशी. पण सकाळी ती ज्या दाराला टेकलेली दिसेल, त्या घरातल्या एकाने रानाची हद्द पायी फिरून यायची. कुठे कुऱ्हाड पडलीय का, कुठे गाडीची चाकं उमटलीत का, डोळ्यांनी बघायचं, आणि संध्याकाळी काठी शेजारच्या दाराला लावायची. अंगात ताप असो की घरात पाहुणे, फेरी चुकवायची नाही. चुकवली, तर पुन्हा जन्मात त्या काठीला हात लावायचा नाही. हा नियम तात्यांचा, ही फेरी त्यांनीच सुरू केलेली, आणि तीस वर्षांत तो कुणावर चालवायची वेळ आली नव्हती.

शहरातले लोक त्या रानाला वर्षावन म्हणायचे. वस्तीतले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले, नुसतं रान म्हणायचे. ह्या रानापायी तात्या दोनदा तुरुंगात जाऊन आले होते, एकदा डोकं फोडून घेतलं होतं. कुणी कौतुक केलंच, तर म्हणायचे, मी काय केलं, चाललो फक्त.

अशा माणसाला एक दिवस शहरातल्या एका संस्थेचं सन्मानाचं पत्र आलं. संस्थेच्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या, सगळ्या वस्तीला न्यायला बस पाठवतो. तात्या नको म्हणाले. पण त्यांची धाकटी लेक हट्टाला पेटली. ही धाकटी वस्तीची रोपवाटिका सांभाळायची, बापासारखीच खमकी. आईने जन्मभर लोकांचे टोमणे ऐकले आणि बापाच्या गळ्यात एक हार न बघता ती गेली, हे तिच्या मनात सलत होतं. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी त्यांना मंचावर बघावं, एवढंच तिचं मागणं. शेवटी तात्या नमले.

नेमकी समारंभाच्या दिवशी काठी त्यांच्या दारात आली. घरात दोघंच, आलटून पालटून फेरी करणारी, आणि ह्या खेपेची पाळी धाकटीची होती. शेजारचे काका म्हणाले, मी थांबतो मागे. तिनेच त्यांना हाताला धरून बसमध्ये बसवलं. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे! काठी तिने दाराआड ठेवून दिली. बसच्या पायरीवर तात्यांनी विचारलं, काठीचं काय? ती म्हणाली, केलीय व्यवस्था. लेकीचा शब्द, तात्यांनी पुढे विचारलं नाही.

समारंभ झकास झाला, खोटं कशाला बोला. गार हवेचं सभागृह, मऊ खुर्च्या, आणि मंचावर आपले तात्या, अंगावर शाल, हातात मानचिन्ह घेऊन अवघडून उभे. लोक उठून टाळ्या वाजवत होते. धाकटीचा ऊर भरून आला, आईची इतकी आठवण झाली की तिला समोरचं दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस परतली. वळणावर चाकांच्या खोल रेघा दिसल्या आणि बसमधली गाणी बंद पडली. सगळी वस्ती शहरात जाणार, हे वर्तमानपत्रात छापून आलं होतं, आणि लाकूडचोरांना वाचता येत नाही असं थोडंच आहे. हद्दीपासून ओढ्यापर्यंत रान भुईसपाट झालं होतं. त्यात ‘म्हातारी’ही गेली होती. म्हातारी म्हणजे सगळ्यात जुनं झाड. तिचं बी वेचूनच धाकटी रोपं करायची, आणि त्या जातीचं दुसरं मोठं झाड अख्ख्या रानात उरलं नव्हतं.

सगळे म्हातारीच्या उरलेल्या बुंध्यापाशी जमले. विचारायचं कुणालाच नव्हतं, पण नियम होता. काकांनी खाली बघत विचारलं, “काठी तुमच्या दारात होती. पाळी कुणाची होती?”

धाकटीने तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत तात्या म्हणाले, “माझी.”

तीस वर्षं ज्याच्या मागून चाललो, त्याला काय बोलणार? काका तर लहान मुलासारखे रडले.

घरी आल्यावर तिने तात्यांचे पाय धरले. मी उद्या सगळ्यांना खरं सांगते, म्हणाली. तात्यांनी शाल घडी करून ट्रंकेत ठेवली, मानचिन्हही तिथेच ठेवलं, आणि मग तिच्याजवळ बसले.

“सांगू नकोस. तुझे पाय अजून तीस वर्षं चालतील. माझे किती चालणार?”

“पण चूक माझी आहे, तात्या.”

“म्हणूनच तू चाल.”

त्यानंतर तात्या रानात गेले नाहीत. संध्याकाळी ती परतली की एकेका झाडाचं विचारतात, ओढ्याला पाणी किती, खालच्या वळणावर नवीन रेघ नाही ना. ती सगळं सांगते.

काठी दारात आली की ती चपला घालायला उंबऱ्यावर बसते. पट्टा आवळेपर्यंत धरायला म्हणून ती दर वेळी विसरून काठी तात्यांपुढे करते. तात्या दोन्ही हात काखेत घालून घेतात, आणि लेक काठी भिंतीला टेकवून ठेवते.