पापण्यांवरचे पिवळे दाणे

स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याची डागडुजी करणं हा दादांचा धर्म होता. मुरूम, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं संगणकावर पुसून ते माणसाला दहा वर्षांनी लहान करून द्यायचे; मग त्याला बायको ओळखो न ओळखो. दर वाढदिवसाला स्वतःचाही फोटो काढून तो असाच धुऊन-पुसून काचेत लावायचे. गिऱ्हाइकाला याहून वेगळी जाहिरात कशाला हवी?

यंदाचा वाढदिवस बावन्नावा. वडील बावन्न वर्षांचे असतानाच बुटाची नाडी बांधता बांधता गेले होते, त्यामुळे घरात डॉक्टर हा शब्द काढायला बंदी होती.

दादा आपला फोटो पुसत बसले होते, तेवढ्यात प्रयोगशाळेत रक्त काढणारी मुलगी ओळखपत्राच्या फोटोसाठी आली. नजर पडद्यावर गेली आणि ती ओरडलीच, "थांबा काका! पापणीवरचं काय पुसलंत?"

"वय."

"ते वय नाही. रक्तात चरबी वाढली की काहींच्या पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, असे पिवळे दाणे येतात. कधीपासून आहेत?"

दादांनी जुने, न पुसलेले फोटो उघडले. चार वर्षांपूर्वी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. पुढच्या वर्षी दोन. आता चांगले डाळीएवढे. चारही वर्षं त्यांनी ते स्वतःच्या हातानं, मोठ्या कौशल्यानं घालवले होते.

"उद्या सकाळी उपाशीपोटी या," म्हणून ती गेली.

सकाळी दादांनी एकापाठोपाठ एक सबबी काढल्या. बायको म्हणाली, "अहो, सुईला भिता की उपाशी राहायला?"

"आकड्याला," दादा म्हणाले.

बायकोचं हसू मावळलं. मग तिनं चपला घातल्या. "बघितला नाही म्हणून आकडा लाजून खाली बसतो का? चला!"

मजा बघायला धाकटा भाऊही निघाला. त्याला सगळे काडी म्हणत. पट्ट्याला घरीच जादा भोकं पाडणारा आणि दिवसाला तीन बाटल्या गोड सरबत रिचवणारा प्राणी. "दादा, तुझ्या रक्तात सुई उभी राहील रे!" त्यानं वाटेतच सुरुवात केली.

"भावजी, तुम्हीही उपाशीच आलाय ना? हात पुढे करा," प्रयोगशाळेत पोचताच वहिनी म्हणाली. "बाप एकच आहे दोघांचा."

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले. दादांचं कोलेस्टेरॉल बरंच वर चढलं होतं. "पण हातात आहे अजून. गोळी, रोज चालणं आणि तळणीला रजा." दादांचा श्वास खाली आला. मग बाईंनी दुसरा कागद उचलला. "आणि यातले धाकटे कोण? यांचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे गोडानं वाढणारी रक्तातली चरबी, तुमच्या दुप्पट आहेत."

मग वहिनीला हसू आवरेना.

"पण माझ्या पापण्या स्वच्छ आहेत!" काडी कळवळला.

"बहुतेकांना काहीच खूण दिसत नाही. म्हणून तर रक्त बघायचं. दादांना दिसली, ते नशीबवान."

चेहऱ्यावरच्या डागाबद्दल दादांचं कौतुक होण्याची ही पहिलीच वेळ. ते खुर्चीत जरा ताठ बसले.

सरबत बंद झालं. दोघं भाऊ पहाटे उठून भांडत भांडत चालू लागले. तीन महिन्यांनी आकडे उतरले, वर्ष सरता सरता आणखी खाली आले. त्रेपन्नाव्या वाढदिवसाच्या सकाळी तर बायकोही सोबत निघाली. चढावर पोचल्यावर दादा एकाएकी थांबले. तिनं घाबरून दंड धरला. "काय होतंय?"

"काही नाही गं. आजपासून मी बाबांपेक्षा मोठा झालो."

"मग आता तुला आजोबा म्हणू का?" काडीनं धापा टाकत विचारलं.

"आधी मला गाठ," म्हणत दादा पुढे निघाले, आणि मागून दोघांचं हसणं चढ चढत येत राहिलं.