तिसऱ्या फरशीवरून दिसणारा माणूस

भिंतीला कान असतात म्हणतात. तोंड मात्र नसतं. म्हणून तिच्या वतीनं मी बोलतोय, तिला चिकटून बसलेला व्हिनाइल, पाठीला गोंद असलेला छापील प्लॅस्टिकचा पापुद्रा. नाशिकला अंबडमध्ये मनोजभाऊंच्या भाड्याच्या खोल्या आहेत. त्यातल्या शेवटच्या खोलीत मी गेली तीन वर्षं आहे. माझ्यावर एक डोंगर छापलेला आहे. उतारावर नागलीची, तुमच्या नाचणीची शेतं, खाली कुडाचं घर, घरापुढे अंगण. अंगणात उजवीकडे, जिथे माणूस असायला हवा, तिथे पांढऱ्या पुट्टीचा चौकोन आहे. तो कसा आला तेवढं सांगून टाकतो, कारण माझ्याकडे आता फार दिवस उरलेले नाहीत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जन्मल्याबरोबर गुंडाळून खोक्यात घातलं. पहिला उजेड पाहिला तो योगेशशेठच्या छपाईच्या दुकानात. तिथे आम्ही पंधरावीस रोल भिंतीशी उभे असायचो. गिऱ्हाइकं यायची आणि आमचा पांढरेपणा, चकाकी बघून आम्हाला पसंत करायची. पण आमचा खरा गुण पाठीवर असतो, कागदाखाली झाकलेला. तो म्हणजे गोंद.

काहींचा गोंद हलका. वर्षभरानं कोपरा धरून ओढलं की मुकाट निघून येणारे. काही नुसतेच स्वस्त. उन्हाळा लागला की आक्रसायचे आणि कडा वर वळवायचे. माझ्यासारखे एकदोनच होते, एकदा धरलं की न सोडणारे. आम्हाला गिऱ्हाईक कमी. योगेशशेठ म्हणायचे, "तीन महिन्यांचा सेल असतो, त्याला तीन महिन्यांचाच माल लावायचा. जास्त टिकला तर पुढचं काम कुठून येणार?" त्यांचंही बरोबर होतं. मी मात्र वर्षभर कोपऱ्यात उभा राहून अंगावर धूळ घेत होतो.

दुकानात चिकटवायचं काम दिनेश करायचा. तो सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा. बाप काळू तापानं गेला, तेव्हा त्यानं आईला, भागीबाईला, आपल्याजवळ अंबडला, या खोलीत आणलं. सकाळी नऊला दिनेश बाहेर पडायचा तो दिवेलागणी टळल्यावर यायचा. मधल्या वेळात भागीबाईला करायला काही नव्हतं. पाड्यावर जिला बसायला सवड नव्हती, ती इथे तांदूळ दोनदा निवडायची.

एकदा दिनेश डबा विसरला म्हणून ती दुकानात आली. शेजारच्या शोरूमच्या काचेवरून तो सेलचा जुना स्टिकर सोलत होता. छापलेली गोरीपान, हसरी माणसं चुरगळून पायाशी पडली होती.

"ही माणसं कुठं नेतोस रं?" तिनं विचारलं.

"कचऱ्यात."

"हसती माणसं?"

दिनेश हसला. ती हसली नाही. ती डबा ठेवून गेली. त्याच आठवड्यात दिनेशनं मोबाइलमधला एक फोटो काढून योगेशशेठला दाखवला.

काळू जाण्याआधीच्या नागलीच्या कापणीत दिनेशनं पाड्यावरच्या घराचा फोटो घेतला होता. काळू त्यात मुद्दाम आलेला नव्हता. "बाजूला हो, उन्ह अडवतोस," असं लेकाला म्हणत तो चालत चौकटीत आला आणि तसाच सापडला. कमरेला विळा, एक पाय दुसऱ्या पोटरीवर घासलेला, तोंड अर्धं डोंगराकडे. मावळतीचं उन्ह असल्यानं त्याची लांब सावली अंगणभर डावीकडे पडलेली. काळूचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. तो पाहिला की भागीबाई म्हणायची, "ह्यो कुणाला धरून आणलाय चौकीत?"

"आईच्या समोरच्या भिंतीवर लावतो," दिनेश म्हणाला. "घर दिसलं तर तिचा जीव रमंल."

"लाव की," योगेशशेठ म्हणाले. "पण हलक्या गोंदाचा घे. भाड्याची भिंत आहे. खोली सोडशील तेव्हा सोलून घेऊन जाशील."

"नाय शेठ. आईनं सांगितलंय, निघता कामा नये."

 त्या दोघांचं हे बोलणं मला आजही रोज आठवतं.

दिनेशनं निवड मात्र घिसाडघाईनं केली नाही. चार रोलांचे वीतवीतभर तुकडे कापून त्यानं मनोजभाऊंच्या खोल्यांच्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर, भर उन्हात चिकटवले आणि पंधरा दिवस तसेच ठेवले. एक आक्रसला. एकाचे कोपरे उचलले. एकाच्या पोटात फुगे आले. माझा तुकडा होता तसाच राहिला. मी पास झालो. आयुष्यात मला एवढंच एक सर्टिफिकेट मिळालं.

मनोजभाऊंची अट एकच असायची. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. "स्टिकरच ना? खुशाल लावा," ते म्हणाले. खिळ्याच्या भोकापासून भिंत जपणाऱ्या त्या बिचाऱ्या माणसाला पुढचं काय ठाऊक?

भिंतीवरचा जुना रंग हाताला लागत होता. अशा भिंतीवर गोंद रंगाला चिकटतो आणि रंग भिंतीला सोडतो. दिनेशनं तो खरवडला, भिंतीवर अस्तर दिलं आणि ते नीट वाळायला तीन आठवडे थांबला. भागीबाई ते तीन आठवडे कोऱ्या भिंतीकडे बघत बसायची. मग मी आलो, तीन पट्ट्यांत. या धंद्यात एक रीत आहे, जोड माणसाच्या अंगावरून जाऊ द्यायचा नाही. दिनेशनं काळूला तिसऱ्या पट्टीत अख्खा ठेवला.

भागीबाई पहिल्यांदा समोर आली ती थेट काळूपाशी गेली आणि तिनं चेहऱ्यावर बोटं ठेवली. फोटो इतका मोठा केला होता की जवळून चेहरा राहतच नव्हता, नुसते रंगाचे ठिपके दिसायचे. ती घाबरून मागे सरली. एक फरशी, दोन फरशा. तिसरीवर आली तेव्हा काळू जागेवर आला. त्या दिवसापासून तिसरी फरशी तिची झाली. तांदूळ तिथेच निवडायची, भाजी तिथेच मोडायची, दुपारी तिथेच कलंडायची.

ती फार बोलायची नाही. "शेजारणीनं आज पाणी भरू दिलं नाय," एवढंच एखादं वाक्य, तेही काळूला. गावाकडून नवी नागली आली की पहिल्या भाकरीचा तुकडा आधी माझ्या पायाशी ठेवायची आणि मगच स्वतः खायची. डोंगर, शेत, घर छापून मी एवढा पसरलो होतो, पण ती बघायची हातभर उंचीच्या त्या माणसाकडेच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपल्यामुळे कुणाचा दिवस जातो, हे कळलं की बाकीचं चालतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी दिनेश खुशीत घरी आला. दुकानाची साफसफाई झाली होती. दरवर्षी रोल पुसतात, मशीन पुसतात आणि दर दोन वर्षांनी जुनी कामं कॉम्प्युटरवरून पुसतात. शेठनं ते काम पहिल्यांदाच त्याच्यावर सोपवलं होतं. "सगळं साफ केलं बघ आई. दोन वर्षांचा कचरा," तो म्हणाला. त्या कचऱ्यात 'आई भिंत फायनल' नावाचं कामही होतं. फोटो मोबाइलमध्ये आहेच, असं त्यानं धरलं होतं. आणि पुढच्या उन्हाळ्यात एका गाळ्याची भिंत धुताना त्याचा मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. तेव्हासुद्धा त्याला फक्त नंबर गेल्याचं दुःख झालं.

तिसऱ्या वर्षी मनोजभाऊ दारात येऊन उभे राहिले. त्यांची लेक हर्षाली ब्यूटी पार्लरचा कोर्स करून आली होती. तिला रस्त्याच्या बाजूची ही खोली हवी होती. मनोजभाऊ सरळ माणूस. त्यांनी महिन्याची मुदत दिली. दिनेशला दुकानातल्या दोघांबरोबर एका खोलीत जागा मिळाली, पण तिथे आईला नेण्यासारखं नव्हतं. भागीबाई म्हणाली, "मी पाड्यावर जाते. ह्याला तेवढं काढून दे."

"काढायचं कशाला? नवा छापून देतो," दिनेश म्हणाला आणि दुकानात गेला.

दुपारीच परत आला. दारात चप्पल न काढता उभा राहिला. "आई, मीच पुसलाय," एवढंच म्हणाला. भागीबाईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण लेकाचा चेहरा कळत होता. आधार कार्डावरचा सोडला, तर आता काळू जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्यावर. माझाच फोटो घेऊन छापला तर ठिपक्यांचेही ठिपके होऊन तोंड आणखी पुसट होणार, हे दिनेशला धंद्यातून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दिनेश गरम हवेचं मशीन घेऊन आला. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून त्यानं सुरुवात केली. गरम झाल्यावर मी सैल होईन, असा त्याचा हिशोब होता. मी सैल झालो, पण रबरासारखा ताणलो. आभाळ हातभर लांबलं आणि फाटलं. फाटताना पाठीला प्लॅस्टरच्या खपल्या घेऊन आलो. सोडायचं कसं ते मला येत नव्हतं. त्याच गुणासाठी तर मला निवडलं होतं. त्या दिवशी माझ्या गुणाची मला लाज वाटली.

दिनेश मशीन बंद करून खाली बसला. "शेठ सांगत होते. मी ऐकलं नाय. बासुद्धा असाच ताणून निघंल, तोंड ओळखू यायचं नाय."

मनोजभाऊ म्हणाले, "निघत नसेल तर राहू द्या. मी रंग मारून घेईन वरून."

भागीबाई तिसऱ्या फरशीवर उभी होती. तिनं डोंगर, घर, काळू असं एकेक पाहून घेतलं. मग म्हणाली, "सगळा कशाला काढतोस? पाड्यावर डोंगर खरा हाय. घर खरं हाय. ह्यो एक माणूस तेवढा तिथं नाय."

दिनेशनं वर बघितलं.

"त्याला काढता येत नसंल, तर भिंतीसकट काढ," ती म्हणाली.

 खिळा न ठोकू देणारे मनोजभाऊ आता काय म्हणतात, म्हणून मी श्वास रोखून होतो. ते काळूकडे बघत उभे राहिले. मग आपल्या घरात गेले आणि कापायचं मशीन घेऊन आले. "पाणी मारत मारत काप," ते दिनेशला म्हणाले. "आणि लहानच चौकोन घे, मोठा पेलणार नाही."

काळूभोवती चार रेघा मारल्या. पातं फिरलं. मला दुखलं की नाही, ते सांगत बसत नाही. मग दिनेशनं बारीक छिन्नी आत घालून प्लॅस्टर विटांपासून सोडवायला घेतलं. अर्ध्यावर आल्यावर कट्‌ असा आवाज झाला. प्लॅस्टर तीन ठिकाणी तडकलं होतं. दिनेशचा हात थांबला. भागीबाईनं दोन्ही हात पुढे केले, पडलं तर झेलायला.

पडलं नाही. मागे प्लॅस्टरचे तुकडे झाले होते, पण पुढून मी ते धरून ठेवले होते. एकही ठिकरी मी सुटू दिली नाही. ज्या गोंदानं घात केला, त्यानंच त्या दिवशी काळूला सावरलं. आयुष्यात मी एवढं एकच मोठं काम केलं. काळू अखंड निघाला, कमरेच्या विळ्यासकट. त्याला गोधडीत गुंडाळलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं भागीबाई त्याला मांडीवर घेऊन गेली. जाताना तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिच्या मांडीवर होतं.

तेव्हापासून मी एकटा आहे. चौकोनात पुट्टी भरली गेली. हर्षालीच्या मैत्रिणी येतात, खुर्च्या कुठे ठेवायच्या ते ठरवतात. माझ्या शेतांवर मापाच्या पेन्सिलीच्या खुणा करतात. तिसऱ्या फरशीवर आता हात धुवायच्या बेसिनचं खोकं आहे. डोंगराकडे कुणी बघत नाही. बघणाऱ्याविना डोंगर छापून बसणं फार कठीण जातं, हे मला आता कळलं.

आज सकाळी दिनेश आला. माझ्या जागी लांबसडक केसांची एक मुलगी चिकटवायची आहे. त्याआधी मला पात्यानं खरवडून काढायचं.

"आई कशी आहे?" हर्षालीनं विचारलं.

"बरी हाय. आमच्या बाला ओटीच्या भिंतीत सिमेंटात बसवलाय. रोज तीन पावलं मोजून समोर बसती."

"आमच्यासाठी कुठला आणलास? चांगला पक्का आण हं, निघता कामा नये."

दिनेश हातातलं पातं पुसत राहिला. "ताई, किती वर्षं राहणार या खोलीत?"

"काय माहीत? लग्नापर्यंत."

"मग हलका घ्या," तो म्हणाला.

मलाही माणसांना एवढंच सांगायचं आहे. व्हिनाइल निवडताना भिंत पारखा, ऊन पारखा, कडा पारखा. पण त्याआधी, ती भिंत आपली किती दिवसांची, ते स्वतःला विचारा.

दिनेशनं डावीकडून खरवडायला घेतलं आहे. उरलेलं आभाळ गेलं. डोंगर अर्धा गेला. काम आज पुरं होणार नाही. उरलेलं उद्या, असं सांगून तो पाती धुतोय.

दिनेश, माझं एक ऐक. चौकोन लहान घ्यायचा म्हणून तुम्ही माणसापुरता कापलात. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. पांढऱ्या चौकोनाच्या डावीकडे अंगणात बघ. तिथे एक लांब सावली अजून पडलेली आहे. माणूस गेल्यावर इतके दिवस तीच माझ्या सोबतीला होती. पुट्टीच्या ओलीनं तिथलं अस्तर भुसभुशीत झालंय, तेवढाच भाग मी आता सोडू शकतो. उद्या पातं लावण्याआधी ते खोकं बाजूला कर, तिसऱ्या फरशीवर उभा राहा आणि बघ. सावकाश ओढलंस तर तुझ्या बापाची सावली अख्खी निघेल. तेवढी आईला नेऊन दे.