यशोदाबाईंची खिडकी

कोकिळा, शिल्पा आणि मोहिनी बोरदर फाट्यावरून धुळ्याला कॉलेजात जायच्या. पहिलं वर्ष त्यांनी योगराजभाऊच्या जीपमध्ये काढलं. जीप अगदी दारातून घ्यायची, पण तेरा माणसं कोंबल्याशिवाय हलायची नाही. दुसऱ्या वर्षी तिघींनी लाल बसचा सवलतीचा पास काढला. तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शात महिनाभर जा-ये. कोकिळाने तो पास प्लास्टिकच्या पाकिटात घालून आळीभर मिरवला.

अडचण एवढीच, की बस थांबत नव्हती. अमळनेरकडून येणारी साडेसातची गाडी भरूनच यायची. ड्रायव्हर 'मागून दुसरी येतेय' अशी खूण करून निघून जायचा. मागून फक्त उसाचे ट्रॅक्टर यायचे.

चौथ्या दिवशी शेजारच्या यशोदाबाई डोळे तपासायला निघाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी. त्यांनी काठी वर केली आणि बस थांबली. त्यांच्यामागून तिघी पोरीही चढल्या.

संध्याकाळी कोकिळा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. "अक्का, उद्या याल का धुळ्याला?"

"डाक्टर म्हने डोळा बरा शे."

"डोळ्यासाठी नाही. गाडी थांबवायला."

यशोदाबाईंनी जरा विचार केला. पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट होता, आणि घरी सुनेशी भांडूनही आताशा मजा येत नव्हती. "येसू," म्हणत त्या तयार झाल्या. "पन खिडकीनी जागा मनी."

तेव्हापासून रोज बस थांबू लागली. कंडक्टर सुकदेवने आठवडाभर पाहिलं आणि विचारलं, "आजी, रोज काय काम असतं धुळ्याला?"

"कॉलेज शे," यशोदाबाई म्हणाल्या. अख्खी गाडी हसली. ते खोटंही नव्हतं. दिवसभर त्या कॉलेजचं कँटीन चालवणाऱ्या केसरबाईला मेथी निवडून द्यायच्या आणि पोरापोरींच्या भानगडी ऐकायच्या.

मग एका बुधवारी त्यांना ताप आला. बस फाट्यावरून सरळ गेली, आणि योगराजभाऊची जीपही तोवर निघून गेली होती. त्या दिवशी कोकिळाचं भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं, ते बुडालं. घरी येऊन ती जेवलीच नाही. यशोदाबाईंना हे कळलं, तेव्हा त्यांना आपल्याच तापाचा राग आला.

शुक्रवारी त्या तिघींना घेऊन थेट डेपोच्या साहेबांकडे गेल्या.

"आजी, तक्रार काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मनी काही तक्रार नही. माले देखीसन गाडी थांबस. या पोरीसले देखीसन थांबत नही. पास तं तुम्हीच दिधा."

कोकिळाने वहीचं पान पुढे केलं. फाट्यावरच्या दोन गावांतल्या सतरा पासधारकांची नावं तिने आदल्या रात्री लिहून काढली होती. पास असूनही त्यातले अकरा पुन्हा जीपने जात होते. साहेबांनी यादी दोनदा वाचली आणि चहा मागवला.

पंधरा दिवसांनी फाट्यावरूनच सुटणारी बस सुरू झाली. वेळ सकाळी सहा चाळीस.

पहिल्या दिवशी सतराच्या सतरा आले. आठवड्याने नऊ राहिले. थंडी पडली तशी शिल्पा म्हणाली, "एवढ्या पहाटे कोण उठणार, बाई?" आणि मोहिनीला घेऊन योगराजभाऊच्या जीपकडे परतली. पास पर्समध्येच राहिला.

कोकिळालाही गोधडी सोडवत नव्हती. पण गाडी आपण मागून घेतली, आता कोणत्या तोंडाने झोपायचं? सरांनी प्रॅक्टिकल पुन्हा घ्यायचं कबूल केलं होतं. कॉलेज सुरू होण्याआधी मिळणाऱ्या मोकळ्या तासात ती वाचनालयात त्याची तयारी करू लागली.

नवी गाडी लागल्यापासून यशोदाबाई आल्या नव्हत्या; आता त्यांना यायची काही गरज उरली नाही, असं कोकिळाला वाटलं. एका सोमवारी ती फाट्यावर पोचली, तर त्या आधीच गाडीत बसल्या होत्या, कानाला स्कार्फ बांधून.

"अक्का, आता गाडी थांबवायची नाहीये."

"माले ठाऊक शे," यशोदाबाई म्हणाल्या. "केसरबाईले आज कढी शिकाडानी शे. तू बस, घंटी वाजनी, गाडी सुटी राहिनी."