दोन हातांनी दीडशे

"मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे एका हाताने टाकणाऱ्यांची आणि दोन हातांनी टाकणाऱ्यांची लढाई आहे!" असं पोपटअण्णांनी जाहीर केलं, तेव्हा सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या खानदेश हितवर्धक मंडळाच्या हॉलमध्ये कडकडून टाळ्या पडल्या. पोपटअण्णा म्हणजे मंडळाचे तहहयात अध्यक्ष आणि साड्यांचे होलसेल व्यापारी. टाळ्या थांबल्यावर ते शेजारी बसलेल्या सेक्रेटरीकडे, म्हणजे लोटूआबांकडे झुकले आणि हळूच विचारते झाले, "पण यात बॅटिंग कोण करतं?"

माईक चालू होता.

अण्णांचा तसा दोष नव्हता. मंडळाने छापून घेतलेल्या बॅनरवरही पॅड बांधलेली एक बाई होती. मॉलमधल्या बोलिंगला चेंडूऐवजी फणसाएवढा गोळा लागतो, तो लांबलचक गुळगुळीत लाकडी लेनवरून घरंगळत सोडतात, टोकाला उभ्या असलेल्या दहा पिना पाडतात, आणि गोळा वाटेत बाजूला गेला तर तो गटरमध्ये पडतो, हे मंडळाला त्याच आठवड्यात कळलं होतं. गटरचं सगळ्यांना लगेच समजलं.

निमित्त मोठं होतं. डुमस रोडवरच्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर महिलांची आंतरराष्ट्रीय टेनपिन स्पर्धा भरणार होती. देश चार: भारत, मलेशिया, श्रीलंका आणि दुबई. दुबई हा देश नाही, ही गोष्ट कोणी काढली नाही, कारण दुबईच्या संघातल्या दोघीही मुख्य प्रायोजकांच्या सुना होत्या. प्रत्येक संघात दोन बायका. आणि भारताच्या संघातल्या दोन्ही पोरी खानदेशी निघाल्या, त्यामुळे मंडळाची छाती फुगली आणि लगेच दुभंगली.

एक वृषाली. उधन्याच्या रेल्वे क्वार्टर्समधली. ती एका हाताने टाकायची. पाच पावलं, हात मागे, मग डावा गुडघा वाकवून, उजवा पाय मागे लांबवून घसरत यायची आणि गोळा असा सोडायची की जमिनीलाही कळू नये. फोटोत फार छान यायची.

दुसरी धनश्री. बमरोलीची. ती दोन हातांनी टाकायची. गोळा पोटाशी धरून धावत यायची, कमरेपासून झोका द्यायची आणि सुटताना असा पीळ द्यायची की गोळा लेनच्या एका कडेने जाऊन शेवटी वळून पिनांच्या मधोमध घुसायचा. फोटोत ती नेहमी कोणाच्या तरी अंगावर धावून जातेय असं वाटायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. चार वर्षं ती बमरोलीच्या मिलमध्ये पॅकिंगला होती. कापडाचा ताका लांबच्या माणसाकडे फेकायचा तर दोन हातांनी, कमरेतून आणि पीळ देऊन, म्हणजे हवेत घडी उलगडत नाही. पुढे ती मॉलमध्ये बोलिंगच्या बुटांच्या काउंटरला लागली आणि ताका सुटून हातात गोळा आला, एवढंच.

मंडळात तिथून दोन पक्ष पडले.

"एका हातात डौल असतो," पोपटअण्णा म्हणायचे. "बाईमाणसाने एका हाताने टाकलं की दुसरा हात पदराला मोकळा राहतो."

"अण्णा, त्या टी-शर्ट घालतात," लोटूआबा म्हणाले.

"तत्त्वाची गोष्ट करतोय मी."

"मग तत्त्वाचंच बोला. पाहुण्याला पाण्याचा तांब्या आपण दोन हातांनी देतो. देवाला फूल दोन हातांनी वाहतो. दोन हात म्हणजे संस्कार!"

"देवाला फूल आपण फेकून मारत नाही, आबा."

हा वाद इतका वाढला की मंडळाच्या दोन व्हॉट्सॲप गटांचे चार झाले. तिकडे मॉलच्या पायरीवर त्या दोघी एका प्लेटमध्ये खमण खात बसल्या होत्या.

"आपलं भांडण चाललंय म्हणे," वृषाली म्हणाली.

"कोण पुढे आहे?"

"माझा पक्ष. चहावाला आमच्याकडे आलाय."

पण एक माणूस असा होता की ज्याच्या मताला वजन होतं. स्पर्धेचे तांत्रिक संचालक भूपेंद्रभाई. त्यांनी धनश्रीला बोलावून घेतलं.

"जो बेटा, बघ," ते गोड आवाजात म्हणाले, "लेडीजचा गेम गरब्यासारखा असला पाहिजे. बघणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे. तू तर पार्सल फेकतेस. टेंपो भरतेस काय?"

"काका, नियमात दोन हात चालतात."

"नियम खेळाडूंसाठी असतात. लेडीजसाठी मी आहे." मग त्यांनी चष्मा पुसला. "मी काही वाईट माणूस नाही. पहिल्या गेममध्ये दोन हातांनी दीडशे कर. केलेस तर तुझी जागा पक्की, आणि स्पर्धेनंतर वृषालीबरोबर मलेशियातल्या पेनांगच्या शिबिराला तू. एक जरी पॉइंट कमी पडला, तर राखीव खेळाडू आत."

राखीव खेळाडू किरण होती, भूपेंद्रभाईंची सख्खी पुतणी. तिची शैली फारच डौलदार होती. तिच्या नखांना धक्का लागू नये म्हणून ती सहसा गोळा टाकतच नसे.

म्हणजे हिशेब सरळ होता. दीडशे झाले तर पेनांग. नाही झाले तर सोमवारपासून परत बमरोलीची मिल, कारण मॉलवाल्यांनी काउंटरची नोकरी 'आमची आंतरराष्ट्रीय खेळाडू' म्हणूनच चालू ठेवली होती. नुसत्या धनश्रीचं त्यांना काही काम नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी धनश्रीची आई, उषाबाई, शेजारच्या इंदुबाईला आणि सखुबाईला घेऊन सगळ्यांच्या आधी मॉलमध्ये पोचली. हातात हळदीकुंकवाची कोयरी, नारळ आणि एक पिशवी. उषाबाई त्याच बमरोलीच्या मिलमध्ये कापड तपासायला बसते. तिथे तिचा सारा जन्म एकाच शत्रूशी लढण्यात गेलाय. तो शत्रू म्हणजे तेलाचा डाग. यंत्राचं तेल कापडाला लागलं की माल सेकंडात, म्हणजे दोन नंबरात जातो आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर ताका उचलून दाखवतो. त्यामुळे उषाबाई मान तिरपी करून, उजेडाच्या बाजूने असं बघते की डागाला लपायला जागा राहत नाही.

तिने लेनला कुंकू लावायला मान तिरपी केली आणि कोयरी तशीच खाली ठेवली.

"माय व! हाई तं तेल शे!"

सखुबाईही वाकली आणि तिने पार पिनांकडे बोट केलं. "आख्खं पसरेल शे व, पार तथालोंग!"

आता हे तेल कोणी सांडलेलं नव्हतं. मॉलचा मेकॅनिक महेश याने पहाटे मशीन फिरवून ते मुद्दाम लावलं होतं. बोलिंगमध्ये लेनच्या पुढच्या मोठ्या भागाला असा पातळ थर देतात. त्यावर गोळा सरळ घसरत जातो आणि शेवटच्या कोरड्या लाकडावर पोचला की वळतो. तेल नसेल तर पीळ दिलेला गोळा सुरुवातीलाच वळतो आणि गटर गाठतो. पण हे उषाबाईला कोण सांगणार? महेश चहा प्यायला गेला होता.

"मन्ही पोर घसरी पडीन ना! पुसा व बायासहोन!"

तिघींनी चपला काढल्या, पदर खोचले. पिशवीत मिलमधल्या सुती चिंध्या होत्याच, त्याशिवाय उषाबाई घराबाहेर पडत नाही. मग स्पर्धेच्या दोन्ही लेनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत असा हात फिरला की मिलमध्ये तो ताका एक नंबरात गेला असता. काम झाल्यावर तिघींनी हळदकुंकू वाहिलं, तेही हलकंच, डाग नको म्हणून, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

भाषणं झाली. दीप लागला. नेपाळहून आलेल्या पंचबाईंनी शिट्टी दिली.

पहिली आली मलेशियाची. ही दोन हातवाली, तिच्या देशाची तीन वेळा विजेती. गोळा कडेने सुटला, अर्ध्या वाटेवर जाण्याआधीच एखाद्या रिक्षेसारखा अचानक वळला आणि गटरमध्ये गेला.

"बघा!" पोपटअण्णा उठून ओरडले. "दोन हात!"

मग श्रीलंकेची आली. ती एक हातवाली. तिचाही गोळा वळून गटरमध्ये.

"बघा!" लोटूआबा उठले. "एक हात!"

वृषाली आली, डौलाने घसरायला गेली आणि तिचा गोळा डौलाने गटरमध्ये गेला. दुबईच्या थोरल्या सूनबाईंचा मात्र सरळ गेला आणि चार पिना पडल्या, कारण त्यांना वळवता येतच नव्हतं. प्रायोजक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

धनश्रीने टाकला. गटर. परत टाकला. गटर. पुढच्या पाळीलाही तेच. भूपेंद्रभाईंनी खिशातून पेन काढलं आणि किरणला म्हणाले, "बेटा, बूट घाल." किरणने घाबरून नखांकडे पाहिलं.

गोळा यंत्रातून परत आला तेव्हा धनश्रीने तो नेहमीसारखा टॉवेलने पुसला. परत आलेल्या गोळ्यावर तेलाचं एक कडं असतं. आज नव्हतं. टॉवेल कोरडा. गोळ्याला फक्त एक पांढरा सुती धागा चिकटला होता. तिने तो चिमटीत धरला. असा धागा डुमस रोडवर कोणाकडे सापडत नाही.

तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. उषाबाईने हाताचा तळवा हवेत सपाट फिरवून खूण केली: चकाचक!

"काय झालं गं?" वृषालीने हळूच विचारलं.

"आईने लेन धुतली."

"बाप रे. पंचांना सांग!"

"सांगू काय? आईने लेन खराब केली म्हणून भूपेंद्रकाका मला आत्ताच बाहेर काढतील. आणि आईला इथे सगळ्यांसमोर उभं करतील. तिला सुपरवायझर पुष्कळ झाले."

तिने गोळा हातात तोलून पाहिला. मिलमध्ये ताका दोन तऱ्हांनी जातो. लांब फेकायचा तर पीळ देऊन. आणि तपासणीच्या लांब टेबलावरून सरकवायचा तर पीळ न देता, दोन्ही तळवे सरळ ठेवून, नुसता ढकलून.

धनश्री रेषेजवळ गेली आणि तिथे चक्क उकिडवी बसली. भाकरी थापायला बसतात तशी. गोळा जमिनीवर ठेवला, दोन्ही तळवे मागे लावले आणि ढकलला.

गोळा निघाला. इतक्या सावकाश की तो जाईपर्यंत निवेदकाने प्रायोजकांची नावं वाचली, ती संपली म्हणून मॉलच्या पार्किंगची सूचना दिली. गोळा सरळ गेला, मधल्या पिनेला जरा बाजूने टेकला आणि एकेक करत, विचार करून पडल्यासारख्या, दहाही पिना आडव्या झाल्या.

"ही काय स्टाइल आहे?" भूपेंद्रभाई किंचाळले. "हे तर लहान पोरं करतात! आणि बायकांनी असं बसायचं? चार देशांसमोर?"

पंचबाईंनी नियमावली चाळली, दोनदा चाळली. "रेषेच्या मागे राहायचं, एवढंच लिहिलंय. बसावं की उभं राहावं यावर काही नाही."

"पण दोन हात..."

"दोनच आहेत ना काका," धनश्री म्हणाली. "मोजा."

मलेशियाची विजेती हे बघत होती. तिची पाळी आली तेव्हा तिने एकदा आपल्या प्रशिक्षकाकडे पाहिलं, एकदा गटरकडे पाहिलं, आणि बसली. श्रीलंकेच्या दोघी बसल्या. वृषाली हसू दाबत बसली. थोड्या वेळाने दुबईच्या सूनबाईही बसल्या, फक्त त्यांना बसवायला आणि उठवायला दोन माणसं लागत होती. महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चार देशांच्या आठ बायका उकिडव्या बसून गोळे ढकलत होत्या आणि भूपेंद्रभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"आबा," पोपटअण्णांनी विचारलं, "हे आपल्यातल्या कोणाच्या बाजूने धरायचं?"

"थांबा. स्कोअर बघू."

शेवटच्या गोळ्याला धनश्रीच्या सात पिना पडल्या. फळ्यावर आकडा आला: एकशे बावन्न. इंदुबाईने शिट्टी वाजवली. इंदुबाईला शिट्टी वाजवता येते हे तिच्या नवऱ्यालाही तेव्हाच कळलं. किरणने सुटकेचा श्वास टाकून बूट काढले.

समारोपाला सगळे पुन्हा शहाणे झाले. पोपटअण्णा म्हणाले की एक हात हा विचार, दोन हात हा आचार, आणि बसणं हा त्यांचा समन्वय, जो मंडळ पहिल्यापासून सांगत होतं. भूपेंद्रभाईंनी तोवर वारा ओळखला होता. 'सुरत शैली' नावाचं हे तंत्र आपण बरीच वर्षं विकसित करत होतो, असं त्यांनी नम्रपणे कबूल केलं आणि त्याची अकादमी काढायची घोषणा केली. मलेशियाच्या प्रशिक्षकांनी लिहून घेतलं. लेन कोरडी कशी पडली, याचीही चौकशी जागच्या जागी झाली. महेशने आईची शपथ घेऊन सांगितलं की तेल लावलं होतं. तेव्हा समुद्र जवळ असल्याने हजिऱ्याकडच्या खाऱ्या हवेने तेल शोषून घेतलं, असा निष्कर्ष भूपेंद्रभाईंनी काढला आणि तो सर्वानुमते मंजूर झाला. पेनांगच्या कागदावर त्यांनी धनश्रीच्या नावापुढे सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला. धनश्रीने तो दोन हातांनी घेतला.

टाळ्या चालू असतानाच उषाबाई पदर सावरत स्टेजच्या पायरीपाशी आली. धनश्रीने डोळ्यांनी खूण केली, नको म्हणून. पण आईला ती खूण 'बोल' अशीच दिसली. तिने पिशवीतून तेलाने मळलेल्या चिंध्यांचा बोळा काढला आणि भूपेंद्रभाईंसमोर धरला.

"साहेब," ती म्हणाली, "सकाळी तुमच्या जमिनीवरचं एवढं तेल पुसून काढलंय. तुम्हाला नको असतील तर या चिंध्या घरी नेऊ का? शिलाई मशीन लय कुरकुरतं."