तुळशीबाईचा पाय

"ह्यामा औषध कितलं शे?" पालथ्या पडलेल्या तुळशीबाईने मान वळवून विचारलं.

"काहीच नाही, आजी. नुसती सुई आहे," भूमिका म्हणाली. शहाद्यात स्टँडच्या मागे तिचं फिजिओथेरपीचं दोन खोल्यांचं सेंटर होतं.

"औषध नई, मंग टोचस कसाले?"

भूमिका हसली. तिने तुळशीबाईच्या खुब्यामागे अंगठा दाबला, तशी म्हातारी कळवळली. "इथे स्नायूची गाठ झालीय. मालिशने ती वरून सैल होते, बरं वाटतं. कुणाकुणाला तेवढंही पुरतं. तुमची खोल आहे, तिथवर बोट पोचत नाही, सुई पोचते. इथे टोचायची आणि खाली पोटरीतही."

पोटरी म्हटल्यावर तुळशीबाईने पाय आखडून घेतला. शेजारी तिची सून प्रतिभा उभी होती. ती वाकून हळूच म्हणाली, "माय, घर जाऊत का?"

कारण पाय साधा नव्हता. तुळशीबाई पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, आणि तिथेच तिच्या आयुष्याचा निकाल लागला. कुणाची कंबर धरली, उसण भरली, की माणूस तिच्या ओट्यावर पालथा पडायचा. उजवी टाच पाठीवरून तीनदा खाली ओढायची आणि माणसाने उठून, मागे वळून न बघता घरी जायचं. लग्न होऊन सासरी आली त्या दिवशी सासूचीच कंबर धरली होती. गावातल्या सुना सासूच्या पाया पडतात, इथे सासूच सुनेच्या पायाखाली पडली. त्यावर गाव कितीतरी वर्षं हसलं. पण त्या दिवसापासून तुळशीबाईला त्या घरात कुणी उणा शब्द बोललं नाही. रूप नाही, शाळा नाही, माहेरची श्रीमंती नाही. होता तो पाय.

आणि तिच्या आईने बजावून ठेवलं होतं, पायात लोखंड जाऊ देऊ नकोस, गुण जाईल. तुळशीबाईने जन्मभर तो पाय जपला. शेतात काटा मोडला तरी तो बाभळीच्या काट्यानेच काढायची, सुईने नाही.

आता तोच पाय दुखत होता. मांडी घालता येईना, त्या कुशीवर झोपता येईना. दिवाळीनंतर एकाच्या पाठीवर पाय ठेवायला गेली आणि तोल जाऊन त्याच्यावरच पडली. त्याची उसण राहिली बाजूला, बरगडी दुखायला लागली. लोक आधीच कमी येत होते, त्यानंतर आणखी कमी झाले.

रोज संध्याकाळी प्रतिभा तेल कोमट करून मालिश करायची. तेवढ्यापुरता पाय हलका व्हायचा, सकाळी पुन्हा लाकूड. प्रतिभा दिवसभर केळीच्या मळ्यावर घड धुऊन खोक्यांत भरून यायची. तिची बोटं पाण्याने पांढरी पडलेली असायची. परवा पोटरी चोळता चोळता तिचा हात थांबला. तुळशीबाईने वळून पाहिलं तर पोरगी तिच्या पायावरच डोकं टेकून झोपली होती. तुळशीबाई तशीच पडून राहिली, पायाला रग लागली तरी हलली नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पाठी बऱ्या केल्या आणि घरातल्या पोरीची पाठ मोडत आणली, याची तिला मनापासून लाज वाटली.

ते आठवून ती आता म्हणाली, "टोच, माय. टोच."

सुई आत गेली तेव्हा विशेष काही कळलं नाही. मग आतला स्नायू एकदम उडाला, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा. खोल, दाटून आलेली कळ उठली आणि विरली. पोटरीत सुई जाताना तुळशीबाईने डोळे मिटून घेतले. आईला काय वाटेल, एवढंच तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी पाय ठणकला. भूमिकाने तसं सांगितलंच होतं. त्यानंतर मात्र तुळशीबाई मांडी घालून जेवायला बसली आणि प्रतिभा तेलाची वाटी न घेता झोपली.

तीन-चार दिवसांनी दगाभाऊ आला. ऐन उमेदीत बैलगाडीने पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यावर ऊस वाहिलेला माणूस. दर हिवाळ्यात त्याची कंबर धरायची आणि दर हिवाळ्यात तो याच ओट्यावर यायचा. आजही कमरेवर हात ठेवून, अर्धा वाकून आला.

"वयनी, कंबर धराई गयी. पाय लाव."

खोटं बोलणं सोपं होतं. त्याला कुठे ठाऊक होतं? पण तुळशीबाईला ते जमेना.

"दगाभाऊ, मी पायमा सुया टोची लिन्यात. गुण गया आते."

दगाभाऊ ओट्याच्या कडेला टेकला. त्याने तिच्या पायाकडे पाहिलं.

"आते दुखस का?"

"नई."

"मंग बेस झायं."

"तू बी जाय तठे. पोरगी चांगली शे."

"जासू," तो म्हणाला. मग टोपी काढून बाजूला ठेवली, एक हात टेकत, कण्हत तो ओट्यावर पालथा पडला.

"आरे, गुण गया ना भाऊ!"

"गया ते जाऊ दे. पाय ते शे ना?"

तुळशीबाईने खांब धरला. टाच त्याच्या पाठीवर ठेवली. आजवर पाय ठेवला की ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची, खाली कोण आहे हे तिला जाणवायचंच नाही. आज सदऱ्याखाली म्हाताऱ्याच्या बरगड्या लागल्या, कमरेशी ताठरलेला स्नायू लागला, त्याचा थांबलेला श्वास जाणवला. पाय तीनदा खाली ओढला तेव्हा तिला रडू येत होतं.

दगाभाऊ उठला. टोपी घातली. "उतरनं, वयनी. एकदम मोकळं."

मागे वळून न बघता तो निघाला. ताठ, हात सोडून, भराभर. डेअरीच्या वळणाशी पोचला. इथून आपण दिसत नाही असं त्याला वाटलं असावं. त्याने भिंत धरली, दुसरा हात कमरेवर ठेवला आणि तसाच वाकून थोडा वेळ उभा राहिला. मग पाय ओढत वळणाआड गेला.

"माय, गुण उना का त्यासले? बरं वाटनं?" प्रतिभाने आतून विचारलं.

"उना," तुळशीबाई म्हणाली, आणि वळणाकडे बघत, न दुखणारा पाय चोळत बसली.