दुसरं पान

शेषाद्रीरावांनी केळीच्या पानाभोवती पाणी फिरवलं, भाताच्या चिमूटचिमूट चित्राहुती उजव्या हाताला टेबलावर मांडल्या आणि डाव्या हाताने फोन कानाला लावला. वाढपी ओलं फडकं घेऊन येत होता. तो तेवढी जागा सोडून पुढचं टेबल पुसायला गेला. सुरुवातीला तो त्या शितांवरून बेधडक फडकं फिरवायचा. आता म्हाताऱ्याची ही खोड त्याच्या अंगवळणी पडली होती.

"ऐकतेस ना?" शेषाद्रीराव फोनमध्ये म्हणाले. "समईचें सांगायचें राहिलें. मधला आटा ढिला झाला होता तिचा. साईराम म्हणाला, मी नेतों नाचियारकोविलास, माझ्या घराशेजारींच ओतारी आहेत. नेली. परवां बसनें घेऊन आला. उंची तीच, वरचा हंस तोच. तळ पुसायला उलटी केली, तर कोरलेलें नांव दिसलें. पण तुझें नव्हे, सुंदरी. नांव आहे..."

"सार," कोणीतरी खांद्यापाशी म्हणालं.

गल्ल्यावरचा मुरली होता. फोनवर बोलणाऱ्याला मध्येच थांबवू नये, एवढी रीतभात त्याला होती. पण हातातलं चकचकीत कार्ड खपवायची घाई त्याहून मोठी होती. त्याने भरभर तमिळमध्ये समजावून सांगितलं. एकदा पैसे भरायचे, वर्षभर चालेल. एक टेबल, एक बिल, पानं दोन. त्यातलं दुसरं पान फुकट. फक्त रविवारी आणि सणावारी चालणार नाही. रोज येणाऱ्याचा तर फायदाच फायदा.

"माझं एकच पान असतं," शेषाद्रीराव म्हणाले.

मुरलीने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. कोणाला तरी घेऊन या की, सार, असं म्हणून तो विचार करायला कार्ड तिथेच ठेवून गेला. फोन तोवर मांडीवर पडला होता. तो पुन्हा उचलावा असं शेषाद्रीरावांना वाटेना. रसम तसंच निवत राहिलं आणि समईची गोष्ट अर्धवट राहिली.

फोनच्या दुसऱ्या टोकाला तसंही कोणी नव्हतं. सुंदरीला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

तंजावरात मराठी राज्य आलं तेव्हा इथल्या मराठी माणसांचे पूर्वज आले. पुढे राज्य गेलं, माणसं राहिली, आणि त्यांची मराठी घराच्या उंबऱ्याआत राहिली. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, चपला काढल्या की मराठी. शेषाद्रीरावांच्या कुंभकोणमच्या घरात मराठी बोलणारी दोनच तोंडं उरली होती, त्यातलं एक गेलं. घरात एकट्याने बोललं की आवाज भिंतीवरून परत यायचा. इथे, तळ्याकाठच्या ह्या हॉटेलात, बादल्या आणि पळ्यांच्या खणखणाटात तसं होत नसे. फोन कानाला असला की कोणी वेडा म्हणत नाही. आणि बोललेलं तर कोणालाच कळत नाही, ह्याची त्यांना इतकी खात्री होती की सुंदरीला ते आजूबाजूच्या गिऱ्हाइकांबद्दलही खुशाल सांगत. खांबाजवळ पाठमोरी बसणारी ती बाई कशी रोज दोनदा ताक मागते, हेही सांगून झालं होतं. एकदा बोलता बोलता फोन कानाशीच वाजला, तेव्हा मात्र त्यांची त्रेधा उडाली होती. कोणी पाहिलं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

कार्ड घरी आलं आणि देवघरापाशी पडून राहिलं. शेषाद्रीरावांची हयात विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात गेली होती. जळलेले माग, भिजलेली भाताची पोती, पुलाच्या कठड्यावर चढलेल्या गाड्या. हप्ता भरावा की नाही हे पैशावर ठरत नाही, जोखमीवर ठरतं, असं ते लोकांना ऐकवत आले होते. ह्या कार्डालाही त्यांनी तोच न्याय लावला. पैसे काही न परवडण्याइतके नव्हते. पण कार्ड घ्यायचं म्हणजे येत्या वर्षात आपल्यासमोर कोणीतरी जेवायला बसेल, असं धरून चालायचं. ते धरायला त्यांचं मन धजेना.

संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, चैत्राचा, फोन आला. खरा फोन. त्यांनी सहज म्हणून कार्डाचा विषय काढला. चैत्रा म्हणाली, घ्या की अप्पा, एवढा काय विचार करायचा. तू केव्हा येतेस, असं विचारल्यावर ती अडचणी सांगू लागली. मुलांच्या परीक्षा, मग नवऱ्याची बदली व्हायची होती, त्यापेक्षा तुम्हीच इकडे या ना. तिचंही खोटं नव्हतं. पण पुण्याला जायचं शेषाद्रीरावांच्या जिवावर येई. चैत्राच्या लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी व्याह्यांना विचारलं होतं, अस्क जेवलेत का? अस्क म्हणजे सगळे. त्यांच्या घरात दुसरा शब्दच नव्हता. व्याह्यांच्या घरची माणसं हसली. वाईट मनाने नाही, कौतुकानेच हसली, आणि अजून काहीतरी बोला ना म्हणून मागे लागली. तेव्हापासून पुण्यात ते मोजकंच बोलत, बहुतेक वेळ वर्तमानपत्र वाचत.

चुलतभाऊ साईरामला मधुमेह, तो बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही. शेजारचा सेतू सुनेच्या हातचं सोडून कुठे जात नाही. ऑफिसातले जुने सोबती भेटले की एकदा बसू या म्हणतात आणि बस पकडायला निघून जातात. त्या रात्री अंथरुणावर पडून शेषाद्रीरावांनी एकेक माणूस आठवून पाहिलं आणि एकेकाला वगळलं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं त्यांनी सुंदरीला सांगितलं. मुलगी काय म्हणाली, साईराम का येणार नाही, सेतूची सून कशी वांग्याची रसवांगी छान करते, सगळं सांगितलं. आदल्या दिवशीच्या समईची त्यांना आठवणही राहिली नाही. आजूबाजूला गर्दी होती, खांबाजवळ ती बाई पाठमोरी बसली होती, वाढपी सांबाराची बादली घेऊन पळत होते.

"कार्ड नको," शेवटी ते म्हणाले. "समोर बसायला एक माणूस मिळेना, सुंदरी."

त्यांनी फोन खिशात टाकला आणि रसम आज फार तिखट झालंय, असं वाढप्याला उगाच सुनावलं. जाताना कार्ड मुरलीला परत केलं. मुरलीने फार आग्रह केला नाही. खांबाजवळची बाई हात धुऊन गल्ल्यापाशी आली होती, तो तिच्याशी बोलू लागला.

रविवारी शेषाद्रीराव घरीच दहीभात कालवून जेवले. परक्या नावाची समई लावली. सोमवारी नेहमीच्या वेळी हॉटेलात शिरले आणि दारातच थबकले. कोपऱ्यातल्या त्यांच्या टेबलावर ती खांबाजवळची बाई बसली होती. कापडी पिशवी शेजारच्या खुर्चीवर, समोर पाण्याचा पेला. त्यांच्याच बरोबरीची असेल, किंवा दोन-चार वर्षांनी लहान. टेबलावर पानं दोन मांडलेली होती, दोन्ही पाणी शिंपडून ठेवलेली.

शेषाद्रीरावांना राग आला. खांबाजवळची तिची जागा रिकामीच होती. कोणाची तरी वाट पाहत असेल, पण त्यासाठी हेच टेबल कशाला? टेबलापाशी जाऊन ते उभे राहिले आणि सवयीने हात खिशात गेला.

"सुंदरी," फोन कानाला लावून ते पुटपुटले, "ती ताकवाली बाई माझ्या टेबलावर येऊन बसली आहे. पानें दोन मांडलीं आहेत. आतां काय करूं, सांग."

"बसायचें," उत्तर आलं.

शेषाद्रीरावांनी आधी फोनकडे पाहिलं.

"मी म्हणालें," समोरची बाई म्हणाली. "बसा. पान वाळतें आहे."

ते बसले. बाईने पेला जरा बाजूला सरकवला आणि पानाकडे बघत हळू आवाजात सांगितलं, "अस्क ऐकलें आहे मी. पोंगलपासून ऐकतें आहे. ऐकूं नये होतें. पण उठवेना."

तिचं नाव गोमती. साक्कोट्टैच्या रस्त्याला घर, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. घरात ती आणि थोरला भाऊ; मागच्या वर्षी भाऊ गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तिने मराठी शब्द ऐकला नव्हता. मग एकदा ह्या हॉटेलात खांबाकडे तोंड करून जेवत असताना पाठीमागून कोणीतरी विचारलं, जेवलीस का? तिच्या तोंडून हो निघता निघता राहिलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी येऊन बसली. पुढे रोजच.

शेषाद्रीराव अगदी कानकोंडे झाले. पोंगलपासून आपण काय काय बोललो ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि लगेच सोडून दिला. सुंदरीला म्हणून सांगितलेलं, कधी रडत सांगितलेलं. फोन कानाशी वाजला होता तो दिवस.

"ताक मी दोनदां मागतें," गोमती म्हणाली. "तें खरें आहे."

दोन्ही पानांच्या मध्ये मुरलीचं ते चकचकीत कार्ड होतं. मागच्या बाजूला तिचं नाव लिहिलेलं होतं. शेषाद्रीरावांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या पाहणीची सवय अशी सुटत नाही.

"मला न विचारतांच घेतलें तुम्ही," ते म्हणाले. "आणि मी बसलों नसतों तर?"

"तर पैसे बुडाले असते."

शेषाद्रीरावांनी कार्ड पुन्हा जागेवर ठेवलं. वाढप्याने भात वाढला, वर तूप सोडलं. शेषाद्रीरावांनी पाणी फिरवलं, चित्राहुती मांडल्या. गोमतीने आपली कोपरं आवरून घेतली, चित्राहुतींना धक्का लागू नये म्हणून. तिच्या भावाचं पानही असंच मांडलेलं असणार. मग दोघंही जेवू लागली. सुंदरीला हे सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं, आणि कसं सांगायचं तेच कळेना. एरवी घडाघडा बोलणारा माणूस, पण समोर खरं माणूस बसल्यावर त्यांना एक वाक्य सापडेना. हात दोनदा खिशाकडे जाऊन परत आला. हे टेबल आपण उगाच बिघडवलं, असं गोमतीलाही वाटलं असावं. तिने पिशवी उगाचच उचलून मांडीवर घेतली.

"एक विचारूं?" ती म्हणाली. "समईवर नांव कोणाचें होतें?"

"समईवर?" शेषाद्रीरावांनी पानावरून मान वर केली.

"शुक्रवारीं तो मुरली मध्यें आला. शनिवारीं तुम्ही कार्डाचेंच बोललांत. मी दोन दिवस विचार करतें आहे, कोणाची समई असेल."

शेषाद्रीरावांनी खिशातून फोन काढला आणि कार्डाशेजारी पालथा घालून ठेवला. वाढपी सांबाराची बादली घेऊन आला होता, त्याला त्यांनी डाव्या हाताने जरा थांब म्हणून खूण केली.

"असें झालें," ते म्हणाले, आणि मधला आटा ढिला झाला होता तिथपासून सगळं सांगायला लागले.