बावन्न हजार किलोमीटर

गाडी मी मागितली नव्हती. स्वतःची भोपाळला बदली झाली तेव्हा श्यामसुंदर देवधर म्हणाले, "अनुराधाताई, बँकेच्या हावड्याच्या शाखेत रोज बसने धक्के खात जाता, आमची गाडीच घेऊन टाका." मी हो म्हटलं. एप्रिलमध्ये माझा नवरा, श्रीकांत, गेला. तेव्हापासून मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

इथल्या आम्हा बदलीवाल्या मराठी लोकांत गाड्या अशाच फिरतात. जाणारा राहणाऱ्याला विकतो. आधी मेकॅनिकला दाखवणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं, ते कोणी करत नाही. शिवाय देवधर म्हणजे देवधर. श्रीकांत आयसीयूत होता ते अकरा दिवस ते बाहेरच्या बाकावर बसून होते आणि त्यांची बायको वृंदा डबा घेऊन यायची. भोपाळला गेल्यावरही ती रोज दुपारी एकला फोन करून विचारते, जेवलीस का. हे विचारणारं दुसरं कोणी नाही. ती विचारते म्हणून मी जेवते.

"टायमिंग बेल्ट गेल्याच दिवाळीत बदललाय," असं देवधरांनी किल्ली देताना सांगितलं होतं. पावती मात्र सापडेना. बालीगंज स्टेशनमागे तापसदांचं गॅरेज आहे. ते म्हणाले, पावती नसेल तर उघडून बघायचं, चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर इंजिनच बसतं. मी हो म्हटलं.

शनिवारी त्यांनी वरचं झाकण काढून टॉर्च धरला. "बौदी, ये देखिए." बौदी म्हणजे वहिनी, मला ते तसंच म्हणतात. बेल्टवर उन्हात राहिलेल्या स्लिपरसारख्या भेगा होत्या. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता, गॅरेजवाले चिकटवतात तसा. बेल्ट बदलल्याची तारीख ऑगस्ट २०२१ आणि तेव्हाचं मीटर अठ्ठ्याण्णव हजार चारशे. आज मीटरवर बावन्न हजार होते.

"मीटर पीछे किया है," तापसदा म्हणाले. "किससे लिया?"

"अपने ही लोग हैं."

गाडी २०१८ पासून देवधरांकडेच होती, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलायचीही सोय नव्हती. मी राग यायची वाट पाहिली. माझा राग साऱ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. एका भाजीवाल्याने तराजूला बोट लावलं तेव्हा मी अख्खा बाजार गोळा केला होता. आता प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले आणि काहीच आलं नाही. डोक्यात एवढंच होतं, की मी बोलले तर एकचा फोन बंद होईल. नाही बोलायचं, ठरवून टाकलं. तापसदांना म्हटलं, नवा बेल्ट घाला.

एकला फोन आला. "जेवलीस का?"

"अजून नाही. गॅरेजमध्ये आहे, बेल्ट बदलून घेतेय." सवयीने बोलून गेले.

वृंदा हळूच म्हणाली, "उघडलं का गं त्यांनी?"

तिलाही माहीत होतं तर. "उघडलं," मी म्हटलं.

"मी ह्यांना म्हटलं होतं, निदान अनुराधाला तरी फसवू नका," ती म्हणाली आणि रडायला लागली. मोठ्याने, नाक ओढत, मध्येच माफ कर, माफ कर म्हणत.

मला वाटलं, आता तरी चिडेन. नाहीतर तिच्याबरोबर रडेन, एप्रिलपासून राहिलंय ते. दोन्ही झालं नाही. "असू दे गं, असू दे," म्हणत फोन कानाला धरून उभी राहिले. ती थांबेना. ऐकता ऐकता मात्र मला तिचा हेवा वाटायला लागला, अगदी पोटातून. तिला रडता येत होतं.